वस्त्रगाळ: एका वारात पावणेदोन कोटी भोकं

‘वस्त्रगाळ पीठ’ आपण सहज म्हणतो. या शब्दामागचा हिशेब मला एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी पीठगिरण्यांच्या यंत्रांमध्ये दिसला. इंडियानापोलिसच्या नॉर्डाइक अँड मार्मनसारख्या कंपन्यांचे कॅटलॉग म्हणजे अख्ख्या गिरणीचा बाजार: जात्याच्या तळ्या, रोलर, धान्य वर चढवणाऱ्या पट्ट्यांच्या बादल्या आणि चाळण्यांचं स्वित्झर्लंडचं रेशीम.

या रेशमापाशीच मी थबकतो. दहा नंबरच्या कापडात एका इंचाला सुमारे 109 भोकं. म्हणजे चौरस इंचात 11,881. चाळीस इंच पन्ह्याचा एक वार घेतला, तर 1 कोटी 71 लाख! आणि मोठ्या गिरणीत असं कापड वारांनी नव्हे, ताग्यांनी लागे.

गिऱ्हाईकही कमी नव्हतं. 1880च्या जनगणनेत अमेरिकेत 24,338 पीठगिरण्या नोंदल्या गेल्या, साधारण दर दोन हजार माणसांमागे एक. बहुतेक ठिकाणी जातीच फिरत. चार फूट व्यासाची तळी मिनिटाला 120 फेरे घेते असं धरलं, तर तिची कड ताशी 27 किलोमीटरहून अधिक वेगानं धावते. दगडाला नियमानं टाकी लावावी लागे, ते काम वेगळंच.

मग रोलर आले. दाणा एका झटक्यात भरडायचा नाही; आधी फोडायचा, चाळायचा, पुन्हा दळायचा, पुन्हा चाळायचा. त्यामुळे कठीण लाल गव्हाचा कोंडा पिठात मिसळेना. 1881 साली मिनियापोलिसला मिसिसिपीकाठी उभी राहिलेली पिल्सबरीची ‘ए’ गिरणी दिवसाला 5,000 पिंपं पीठ काढण्यासाठी बांधली होती. पिंपात 196 पौंड, म्हणजे रोजचं सुमारे 4,445 क्विंटल. माणशी रोज 400 ग्रॅम धरलं तरी 11 लाख लोकांचं पोट एका गिरणीवर. त्या शहराची 1880ची वस्ती होती 46,887!

पण त्या भोकांतून पडणारं पीठ हवेतही तरंगतं, आणि तरंगणारं पीठ पेट घेतं. 2 मे 1878च्या संध्याकाळी पलीकडच्या काठावरची वॉशबर्न ‘ए’ गिरणी उडाली. चौकशीत निघालं ते असं: दाणा संपलेल्या जात्याच्या तळ्या कोरड्या घासल्या आणि ठिणगी पडली. शेजारच्या गिरण्यांतली धरून 18 माणसं गेली. हा आकडा मला बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो.

दोन वर्षांत ती गिरणी पुन्हा उभी राहिली, रोलर आणि धूळ शोषणारी यंत्रं घेऊन. पुढच्या काळातल्या कॅटलॉगांत चाळणीच्या रेशमासोबत धूळ पकडणारी यंत्रंही विकायला आली.