कवळीखालची बुरशी: औषध तोंडाला, पण उपचार कवळीलाही

आई-बाबा काही महिन्यांसाठी तुमच्याकडे आले असतील आणि त्यांना कवळी असेल, तर एकदा ती काढायला सांगून वरची टाळू बघा. कवळीने झाकलेला तेवढाच भाग लालबुंद दिसला, तर तो बहुधा 'डेंचर स्टोमॅटायटिस' म्हणजे कवळीखालचा दाह असतो. बरेचदा तो दुखत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. कधी जळजळ होते, कधी ओठांचे कोपरे चिरतात.

यामागे बहुतेक वेळा 'कॅन्डिडा अल्बिकन्स' ही बुरशी असते. ती अनेक निरोगी माणसांच्या तोंडातही थोड्या प्रमाणात असते आणि लाळ तिला आवरून धरते. वरची कवळी मात्र टाळूला घट्ट चिकटते आणि तिच्याखाली लाळ नीट पोहोचत नाही. शिवाय कवळीचे अ‍ॅक्रिलिक दिसायला गुळगुळीत असले, तरी त्यात सूक्ष्म छिद्रे असतात. बुरशी आणि जिवाणू तिथे चिकट थर करून राहतात. मधुमेह, कोरडे तोंड, दम्याचा स्टिरॉइड पंप किंवा नुकतीच घेतलेली अँटिबायोटिक्स यांमुळे बुरशीचे आणखी फावते.

डॉक्टर अनेकदा निस्टॅटिन देतात. एलिझाबेथ हेझेन आणि रेचल ब्राउन या दोघींनी १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागात हे औषध शोधले. नावही त्या राज्यावरूनच पडले. ते बुरशीच्या पेशीच्या आवरणाला भोके पाडते. पण ते लागेल तिथेच काम करते, म्हणून कवळी काढूनच घ्यायचे आणि तोंडात घोळवायचे. दुसरा पर्याय मायकोनॅझोल जेल. वॉरफरिन घेणाऱ्यांना मात्र त्याने गंभीर रक्तस्राव होऊ शकतो. भारतातून आणलेल्या गोळ्यांची यादी इथल्या डॉक्टरांना दाखवाच.

नुसते औषध घेतले आणि कवळी तशीच राहिली, तर बुरशी तिथून पुन्हा टाळूवर येते. म्हणून:

• रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा. टाळूला विश्रांती मिळते आणि कवळी कोरडी पडून वाकडी होत नाही.
• रोज मऊ ब्रश आणि सौम्य साबणाने घासा. टूथपेस्टने ओरखडे पडतात व तिथे बुरशी घर करते.
• कवळीच्या द्रावणात रोज भिजवा आणि घालण्यापूर्वी नीट धुवा. धातूचा भाग असेल तर ब्लीच नको. उकळते पाणी तर मुळीच नको.
• टाळू, हिरड्या आणि जीभही मऊ ब्रशने पुसून घ्या.
• स्टिरॉइड पंपानंतर चूळ भरा.

सैल झालेली किंवा फार जुनी कवळी दंतवैद्याला दाखवा. ती घासत राहिली तर दाह जात नाही. दाह वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. आणि तोंडातला व्रण किंवा लाल-पांढरा चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, तर भारतात परतेपर्यंत थांबू नका. इथेच दाखवा.