तक्त्याच्या ओळी आणि पोराचा दिवस

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 साली सुरू झाला. 1994 पासून जागतिक बँकेच्या कर्जातून सात राज्यांत मोतीबिंदूची मोठी मोहीम चालली आणि त्यात महाराष्ट्रही होता. शिबिर, डोळ्यावरची पट्टी, काळा चष्मा हे सारे नांदेड-लातूरच्या गावोगावी लोकांनी पाहिले. उदगीरच्या उदयगिरी लायन्स नेत्र रुग्णालयासारख्या संस्थांनी हे काम तालुक्याच्या गावी नेले. रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांच्या नावावर एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया आहेत आणि 2008 साली त्यांना पद्मश्री मिळाली. या कामाचे मोल कमी लेखता येणार नाही. मात्र त्या काळात हिशेब मुख्यतः एकाच गोष्टीचा ठेवला जाई, तो म्हणजे शस्त्रक्रिया किती झाल्या याचा.

आजोबांच्या बाबतीत हा हिशेब बराचसा पुरतो. डोळ्यात भिंग बसवले, की पूर्वी पाहिलेले जग त्यांना परत दिसू लागते. मोतीबिंदू घेऊनच जन्मलेल्या लेकराने मुळात काही नीट पाहिलेलेच नसते. त्याचा मेंदू बघायला अजून शिकत असतो. उपचाराला उशीर झाला तर डोळा स्वच्छ होऊनही आळशी राहतो. लहानपणी शस्त्रक्रियेनंतर भिंगामागे पुन्हा पडदा धरण्याची शक्यता जास्त असते, डोळा वाढतो तसा चष्म्याचा नंबर बदलतो, कधी चांगला डोळा झाकून दुसऱ्याला कामाला लावावे लागते. म्हणजे शस्त्रक्रियेनंतरची कित्येक वर्षे आई-वडिलांच्या अंगावर येतात. एवढे सोसून पोराच्या रोजच्या दिवसात काय फरक पडला, हे भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता सांगू शकत नाही. तक्त्यावरची नजर 6/60 वरून 6/18 झाली, हे कागदावर उत्तम. पण त्याला फळ्यावरचे उतरवून घेता येते का?

हा प्रश्न नीट विचारला गेला तो आपल्या शेजारी, हैदराबादेत. डोळ्याचे अवघड दुखणे म्हटले की नांदेड, देगलूर, उदगीरचा माणूस आजही हैदराबादची वाट धरतो. तिथे 1987 साली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था उभी राहिली. तिचे पहिले ग्रामीण केंद्र 1996 साली निघाले ते मुधोळला, म्हणजे बासरजवळ, आपल्या धर्माबादच्या पलीकडच्याच मुलखात. याच संस्थेतल्या विजया गोठवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये 8 ते 18 वयाच्या, दृष्टी अधू असलेल्या शाळकरी मुलांसाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली.

ती वाचताना जीव भरून येतो, कारण तिच्यात आपलीच पोरे दिसतात. रस्त्यापलीकडे उभा आहे तो मुलगा की मुलगी, हे दिवसाउजेडी ओळखता येते का? पहिल्या बाकावर बसून फळ्यावरचे लिहून घेता येते का? बसचा नंबर वाचता येतो का? एक रुपया आणि दोन रुपयांचे नाणे वेगळे कळते का? सुईत दोरा ओवणे, बुटाची नाडी बांधणे, दात घासायच्या ब्रशवर पेस्ट लावणे, ताटातला घास शोधणे, रस्त्यावर दिवे असताना रात्री एकट्याने घरी येणे. शेवटी एक प्रश्न असा, की चांगले दिसणाऱ्या तुझ्या मित्राच्या तुलनेत तुला तुझी नजर कशी वाटते? परदेशात तयार झालेल्या प्रश्नावल्यांत आपल्या मुलांचा दिवस इतका जवळून सापडत नाही. आणि इथे उत्तर डॉक्टर किंवा बाप देत नाही, स्वतः मूल देते. मला ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

या प्रश्नांचा महाराष्ट्रातला उपयोग मिरजेच्या एका अभ्यासात दिसतो. 2004 ते 2008 या काळात दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या 129 मुलांचा शोध घेऊन 2010-11 मध्ये त्यांना पुन्हा तपासले गेले. तक्त्यावरची नजर सगळ्यांची सारखी सुधारली नव्हती, काहींची अधूच राहिली होती. मात्र रोजच्या कामांबद्दलच्या सर्व वीस प्रश्नांत सुधारणा दिसली. नुसत्या तक्त्यावर विसंबले असते तर हे हाती लागले नसते.

उलटा अनुभवही महाराष्ट्रातलाच. पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण शाळांत चष्मे दिलेल्या मुलांना काही महिन्यांनी पुन्हा गाठले, तेव्हा 1018 पैकी 300 जणांच्याच डोळ्यांवर चष्मा होता. कुणाचा फुटला, कुणाचा हरवला, कुणाला मुले चिडवत होती, बऱ्याच जणांचा घरीच पडून होता. वाटपाच्या नोंदीत हे सगळे चष्मे यशस्वी ठरलेले असतात.

6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. तेव्हापासून वैद्यकीय पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. जन्मजात मोतीबिंदू आणि कमी नजर ही दुखणी त्यांच्या यादीत आहेत. दुखणे हुडकायची सोय त्यामुळे गावापर्यंत आली. उपचारानंतरची विचारपूसही तितकीच नेमाने व्हायला हवी. लातूर आणि नांदेडच्या शिकवण्यांत दिवसभर बसणाऱ्या मुलांच्या चष्म्याचे नंबर तर वेगळीच काळजी लावतात. उन्हाउजेडात खेळायला जास्त वेळ मिळाला तर लघुदृष्टी सुरू होण्याचे प्रमाण कमी होते, हे चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांतल्या प्रयोगाने 2015 साली दाखवून दिले. पण मूल बाहेर किती वेळ खेळते, हे त्याचा दिवस कसा जातो ते विचारल्याशिवाय कळणार कसे?

म्हणून नांदेड-लातूरच्या आरोग्य पथकांना, शिक्षकांना आणि आई-वडिलांना एक विनंती आहे. मुलाला चष्मा मिळून किंवा शस्त्रक्रिया होऊन सहा महिने झाले, की त्याला जवळ बसवून फळा, बसची पाटी, नाणी, खेळ आणि रात्रीची वाट यांबद्दल विचारा. ते जे सांगेल ते त्याच्या आरोग्यपत्रिकेत तारखेसह लिहा आणि पुढच्या तपासणीला तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा.