तांब्याची तार आणि काचेचा तंतू

एकाच गावातील दोन घरांनी सारखीच ब्रॉडबँड जोडणी घेतली, तरी रस्त्यावरील जोडपेटीलगतच्या घरात चित्रपट अखंड चालतो आणि गावाबाहेरच्या शेतघरात तोच अडखळतो, हा इंग्लंडच्या ग्रामीण भागातील परिचित अनुभव आहे. त्याचे कारण टेलिफोनसाठी टाकलेल्या तांब्याच्या तारेत आहे. माहिती वेगाने पाठवण्यासाठी विद्युतसंकेताची कंपने अधिक जलद करावी लागतात. परंतु दूरच्या मिरवणुकीतील ढोल ऐकू येतो आणि ताशाची तडतड वाटेतच विरते, त्याप्रमाणे तारेतही जलद कंपनेच आधी क्षीण होतात, आणि अंतर वाढते तसा वेग घटतो.

प्रकाशतंतूत, म्हणजे काचेच्या अतिशय बारीक धाग्यात, माहिती प्रकाशाच्या स्पंदांनी जाते. गाभ्याभोवती वेगळ्या काचेचे आवरण असल्याने तिरपा किरण बाहेर न निसटता आतच परावर्तित होत पुढे सरकतो. काच पुरेशी शुद्ध केल्यास हा प्रकाश कित्येक किलोमीटर टिकेल, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडले.

विरळ वस्तीत असे तंतू टाकण्यासाठीच्या खोदकामाचा खर्च वसूल होत नसल्याने खासगी कंपन्या तेथे जात नव्हत्या; म्हणून २०१० नंतर सरकारी निधीत स्वतःची भर घालून अनेक स्थानिक परिषदांनी हे काम हाती घेतले. मात्र पहिल्या टप्प्यात तंतू बहुधा जोडपेटीपर्यंतच पोहोचला आणि पुढे जुनीच तार राहिली. ही काटकसर समजण्याजोगी असली, तरी ज्यांची गरज सर्वांत मोठी होती, ती दूरची घरे आणि मोठ्या फाइली पाठवणारे छोटे उद्योग त्यामुळेच मागे राहिले.