उद्यानांनी कानही घडवावेत

पेणच्या गणेशमूर्तींनी महाराष्ट्राची दृष्टी घडविली. परंतु त्याच मूर्तींपुढे गावोगावी ध्वनिक्षेपकांची स्पर्धा चालते, ही विसंगती कुणाला फारशी खुपत नाही. २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. मात्र नियम गोंगाटाला आवर घालू शकतो. ऐकण्याची गोडी लावणे त्याच्या आवाक्यातले नव्हे. ते कार्य सार्वजनिक उद्यानांनी करावयास हवे.

क्रोएशियातील झादर येथे वास्तुकार निकोला बाशिच यांनी २००५ साली सागरतीरावरील पायऱ्यांखाली ३५ नळ्या बसविल्या. लाट आत शिरली की हवा ढकलली जाते आणि सूर उमटतो. तो ऐकण्यासाठी माणसे पायऱ्यांवर निमूट बसतात. आपल्याकडेही ही जाण नवी नाही. रायगडावर नगारखान्यापाशी बोललेले शब्द दूर सिंहासनाच्या जागी ऐकू येतात, हा अनुभव सहलीला गेलेले विद्यार्थी आजही घेतात.

पेणच्या उद्यानात झादरचा थाट नको. कमीअधिक लांबीच्या लोखंडी नळ्या टांगल्या, तरी लांब नळीचा सूर खालचा व आखूड नळीचा वरचा, हे मुलांना वाजवूनच कळेल. समोरासमोर दोन अंतर्वक्र तबकड्या उभारल्या, तर एकीपाशी केलेली कुजबुज दुसरीपाशी पोहोचेल. नगरपालिकेला न झेपणारा असा हा खर्च नाही. ती कुजबुज ऐकण्यासाठी ज्या मुलाने सवंगड्यांना एकदा गप्प केले, त्याला शांततेची महती निराळी शिकवावी लागणार नाही.