भंगारात देण्यापूर्वी

व्यापारी घराण्यांत गोदाम रिकामे करण्याचा प्रसंग पिढीत एकदा तरी येतोच. भावाभावांत वाटणी होते, जुन्या पेठेतील दुकान पाडून तेथे व्यापारी संकुल उभे राहते, किंवा मुले पुण्या-मुंबईस स्थायिक होतात. दुकान मोटारीच्या सुट्या भागांचे असेल, तर मागच्या मांडणीवरचा न खपलेला माल त्या वेळी काट्यावर चढतो आणि किलोच्या भावाने मोडीत जातो. नेवाशासारख्या तालुक्याच्या गावालाही हे नवे नाही. जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार करणारी मंडळी ज्या वस्तूसाठी वर्षानुवर्षे वणवण करतात, ती अशाच एखाद्या ढिगात पडून असण्याचा संभव असतो. सुटा भाग पुष्कळदा शिल्लक नसल्यामुळे नव्हे, तर ओळखला न गेल्यामुळे दुर्मीळ होतो. म्हणून या विषयाची माहिती आपल्या वाचकांना असावी, असे वाटते.

महाराष्ट्रातील जुन्या मोटारींचा इतिहास आपल्या समाजाला परका नाही. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ व डिसोटो या गाड्या जुळवल्या जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० रस्त्यावर आली. तिचेच रूप पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावांनी चालू राहिले. एकेकाळी जिल्ह्यातील डॉक्टर, वकील आणि अडत व्यापारी यांच्या दारात उभी दिसे ती बहुधा हीच गाडी.

हा वंशवृक्ष ध्यानात ठेवणे ही ओळख पटवण्याची पहिली पायरी होय. डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट या गाड्या मुळात प्लिमथच्याच सांगाड्यावर बेतलेल्या होत्या. त्यामुळे प्लिमथच्या इंजिनाचा भाग त्यांना बहुधा चालतो. पुढची जाळी आणि नावाची पट्टी मात्र प्रत्येकीची निराळी. फियाट व पद्मिनी यांचेही तसेच आहे. पद्मिनीच्या इंजिनाचे अनेक भाग जुन्या फियाटच्या कामी येतात, पण दिवे, जाळी आणि चिन्हे यांची अदलाबदल केल्यास गाडीचे मूळ रूप बिघडते. सुरुवातीच्या फियाटच्या पुढच्या दारांची बिजागरे दाराच्या मागच्या कडेला असत; नंतरच्या गाड्यांत ती पुढे आली. तेव्हा ‘फियाटचे दार’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. कोणत्या काळातील फियाटचे, हे सांगावे लागते.

दुसरी पायरी क्रमांकाची. बँकेत वाहनकर्जाच्या कागदपत्रांत चॅसी क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा लावलेला असे. गाडी तीच आहे याचा तो निर्विवाद पुरावा. सुट्या भागांनाही हीच युक्ती उपयोगी पडते. गंजलेल्या भागावर ग्राइंडर किंवा पॉलिशपेपर कदापि चालवू नये. रॉकेल व मऊ ब्रश वापरून मळ काढावा आणि पेन्सिलीने ठसा घ्यावा. अनुभवी माणूसही एका गोष्टीत चकतो. ओतीव भागावर उठावाने आलेला क्रमांक हा अनेकदा साच्याचा असतो, भागाचा नव्हे. एकाच ओतकामाला दोन निरनिराळ्या जागी भोके पाडून दोन वेगळे भाग तयार होतात. म्हणून ठसा मिळाला तरी कंपनीच्या मूळ पार्ट्स कॅटलॉगमधील चित्राशी ताडून पाहणे आवश्यक ठरते. जुन्या दुकानात असे कॅटलॉग सापडले, तर ते मालाइतकेच जपावे.

तिसरी पायरी मापाची. फियाटचे आटे मिलिमीटरचे, अमेरिकन गाड्यांचे इंचाचे. डोळ्याला सारखा दिसणारा बोल्ट दोन फेरे बसतो आणि जोर केला की आटे खातो. व्हर्नियर कॅलिपर आणि आट्यांचे गेज या दोन स्वस्त साधनांनी हे नुकसान टळते. १९५५ पर्यंतच्या प्लिमथ-डॉजची विद्युतव्यवस्था ६ व्होल्टची होती. तिचा बल्ब १२ व्होल्टवर लावताच जळून जातो. परदेशातून भाग मागवणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. आपल्या गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे आहे. इटलीत वा अमेरिकेत डाव्या स्टिअरिंगसाठी बनलेला डॅशबोर्ड किंवा स्टिअरिंगचा भाग येथे निरुपयोगी.

चौथी पायरी खोक्याची, आणि येथे व्यापाऱ्याची नजर मेकॅनिकपेक्षा तीक्ष्ण ठरते. खोक्यावर किंमत आण्यांत असेल, तर माल १९५७ च्या दशमान नाण्यांपूर्वीचा समजावा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर खोके १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. ‘पश्चिम जर्मनी’ असा उल्लेख १९९० पूर्वीचा काळ दाखवतो. मात्र दुकानात रिकाम्या खोक्यात दुसराच माल भरून ठेवण्याची पद्धत सार्वत्रिक आहे. म्हणून खोके हा पुरावा धरला तरी आतील भागाची तपासणी स्वतंत्रपणे करावी. जुनी खरेदी-बिले व साठावह्या मिळाल्या, तर त्या साक्षीला घ्याव्यात.

वस्तू जेथे सापडली त्या जागेची नोंदही महत्त्वाची असते. नेवाशाच्या टेकाडावर १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले, तेव्हा प्रत्येक खापर कोणत्या थरातून निघाले याची नोंद ठेवली गेली. थर ठाऊक नसलेले खापर कालनिर्णयाला फारसे उपयोगी पडत नाही. गोदामाचेही तसेच आहे. कोणत्या फळीवर, कोणत्या मालाशेजारी वस्तू होती हे लिहून ठेवल्यास एका ओळखलेल्या भागावरून शेजारचे चार भाग ओळखता येतात.

हे आजच का करावे, याला दोन कारणे आहेत. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. टॅक्सी धावत होत्या तोवर कुर्ल्याच्या बाजारात त्यांच्या भागांना नित्याचे गिऱ्हाईक होते. ते संपले की माल ठेवणाराही राहत नाही. दुसरे कारण कायद्याचे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला विंटेज म्हणून नोंदणी मिळते, पण चॅसी, बॉडी वा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे टिकते. अशा गाडीचा रोजच्या किंवा व्यावसायिक कामासाठी वापर करता येत नाही. तेव्हा मूळ भाग ही आता केवळ हौसेची बाब राहिलेली नाही. गाडीच्या ओळखीचा तो आधार आहे.

सावधगिरीही हवी. रबराचे सील, ब्रेकचे वॉशर आणि होज खोक्यात नवेकोरे दिसले, तरी कालांतराने कडक होतात. ते नमुना म्हणून ठेवावेत, गाडीत बसवू नयेत. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ते घासू किंवा कापू नये.

बँकेच्या साठातपासणीत न हललेला जुना माल आम्ही कर्जमर्यादेच्या हिशेबातून वगळत असू. बँकेच्या दृष्टीने तो नियम योग्यच होता. परंतु हिशेबात शून्य ठरलेली वस्तू प्रत्येकासाठी शून्य असतेच असे नाही. गोदाम रिकामे करण्यापूर्वी एक वही, एक पेन्सिल आणि घरातील एखाद्या तरुणाच्या मोबाइलचा कॅमेरा घेऊन दोन रविवार द्यावेत. भागाचे छायाचित्र, ठसा, माप आणि फळीची जागा एवढी नोंद झाली, की जाणकाराला तो दूर बसूनही ओळखता येईल. मग विकायचे की ठेवायचे, हे कुटुंबाने ठरवावे. आपल्या पूर्वजांनी मालाची नोंद ठेवल्याशिवाय तो कधी दुकानाबाहेर जाऊ दिला नाही. शेवटचा माल बाहेर पडतानाही तोच शिरस्ता पाळला जावा.