शेतातला खडा आणि अंगठीतला खडा

तापीकाठच्या एका गावी मी मुख्याध्यापक असतानाची गोष्ट. सातवीतला एक मुलगा दोन खडे घेऊन माझ्याकडे आला. एक त्याला नांगरलेल्या शेतात सापडला होता. तो बाहेरून करडा, पण फुटलेल्या बाजूवर पांढऱ्या-तांबूस पट्ट्या असलेला. दुसरा वडिलांच्या अंगठीतला, जांभळा. शनीची पीडा टळावी म्हणून नीलमाऐवजी तो घेतला होता, आणि तोही बियाण्यासाठी राखून ठेवलेल्या पैशांतून! ‘‘गुरुजी, यांतला अधिक गुणाचा कोणता?’’ असे त्याने विचारले.

मुलांनो, पहिला खडा अकीक आणि दुसरा जांभळा स्फटिक. रूप भिन्न असले, तरी हे दोघे सख्खे भाऊच होत. नदीच्या वाळूत जे सिलिका नावाचे द्रव्य आढळते, त्याचेच हे दोन्ही खडे बनलेले असतात.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी धुळे-जळगावच्या या भूमीवर लाव्हारसाचे थर पसरले. ते निवताना आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे खडकांत पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत सिलिका विरघळलेले पाणी झिरपू लागले. जेथे सूक्ष्म तंतूंचे थरावर थर बसले, तेथे पट्ट्यांचा अकीक तयार झाला. जेथे मोकळी जागा मिळाली, तेथे सहा बाजूंचे पारदर्शक स्फटिक वाढले. त्यांत लोहाचा अंश शिरून खडकातील नैसर्गिक किरणांचा परिणाम झाला, की जांभळी छटा येते. हाच स्फटिक खूप तापविला, तर बहुधा पिवळा पडतो.

काठिण्याच्या दहा अंकी मापात दोघेही सातच्या आसपास आहेत. दोघांनीही काचेवर ओरखडा उठतो. मात्र अकीक अधिक चिवट असतो. म्हणून प्रयोगशाळेतील खल त्याचा करतात. चाळीसगावजवळील पाटणे येथे सुमारे २५,००० वर्षांपूर्वी राहणारा माणूस तर अकीकाच्याच जातीच्या दगडांची धारदार पाती वापरीत असे. जांभळा स्फटिक आघाताने फुटतो, परंतु प्रकाशात त्याचे तेज मोठे मोहक दिसते.

मनुष्याने या खड्यांना आणखीही अर्थ चिकटविले. जांभळ्या स्फटिकामुळे मद्य चढत नाही, असे प्राचीन ग्रीक लोक मानीत. त्याचे युरोपीय नाव याच समजुतीतून आले. आपल्याकडे तो शनीचा झाला. अकीकाची अंगठी अनेक मुसलमान बांधव श्रद्धेने घालतात. एकाच खड्याला ग्रीसमध्ये एक काम आणि खानदेशात दुसरे! यावरून ध्यानात येते, की काठिण्य आणि रंग हे खड्याचे गुण आहेत. भय आणि आशा मात्र आपल्या मनाचे. आठवण म्हणून खडा जरूर बाळगावा. परंतु पाऊस पाडणे वा पीक वाढविणे त्याच्या हाती नाही.

मी त्या मुलाला फुटक्या काचेचा एक तुकडा दिला. त्याने शेतातला खडा आणि जांभळा खडा दोन्ही तीवर घासून पाहिले. दोन्ही ओरखडे सारखेच उमटले. ती काच तो घरी घेऊन गेला. वडिलांशी त्याचे काय बोलणे झाले, ते मी विचारले नाही. परंतु पुढच्या मृगाला बियाण्याचे पैसे बियाण्यालाच लागले.