उतारवयातील सिंफनी

माझे एक रुग्ण, वय 76, निवृत्त अभियंते. पक्षाघातामुळे त्यांचा उजवा हात आणि पाय दुर्बल झाले. तरुणपणापासून त्यांना पाश्चात्त्य अभिजात संगीताचा शौक. घरात तबकड्यांनी भरलेले एक कपाट. आजारपणानंतर ते कपाट उघडलेच गेले नव्हते. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डॉक्टर, हे व्यायामाला उठतच नाहीत. म्हणतात, आता माझ्यात काय उरले आहे?"

पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य ग्रासते. तो आळस नव्हे, आजाराचाच भाग आहे आणि त्यावर उपचार आहेत. ते मी सुरू केलेच; पण जाताना कपाटातील एक तबकडी मागून घेतली आणि लावली. ती होती बीथोवनची तिसरी सिंफनी, 'एरोइका'. वाद्यवृंद लंडनचा फिलहार्मोनिया, संचालक ऑटो क्लेम्परर, ध्वनिमुद्रण 1959 चे.

ही तबकडी निवडण्यास कारण होते. 1939 मध्ये क्लेम्परर यांच्या मेंदूतील गाठीवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांची उजवी बाजू अंशतः लुळी पडली. 1951 मध्ये पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर काही वर्षे ते खुर्चीत बसून वाद्यवृंदाचे संचालन करीत. 'एरोइका'चे हे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा ते 74 वर्षांचे होते. त्यांची गती संथ आहे, पण शिथिल नाही. दुसऱ्या भागातील शोकयात्रेचे संगीत इतक्या ठाम पावलांनी पुढे जाते की ऐकणाराही सावरून बसतो.

माझे दुसरे आवडते ध्वनिमुद्रण ब्रूनो वॉल्टर यांचे. 1957 मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. पुढच्याच वर्षी, वयाच्या 81 व्या वर्षी, त्यांनी बीथोवनची सहावी, 'पास्टोरल' सिंफनी ध्वनिमुद्रित केली. त्यासाठी लॉस एंजेलिस परिसरातील वादक एकत्र करण्यात आले होते. या सिंफनीत वादळ येते, ओसरते आणि शेवटी मेंढपाळांचे कृतज्ञतेचे गीत उमटते. वॉल्टर यांच्या हाती त्या गीताला दुखण्यातून उठलेल्या माणसाची सौम्यता लाभली आहे, असे मला वाटते.

मात्र या दोघांची जिद्द एकट्याची नव्हती. संचालक स्वतः एकही स्वर वाजवीत नाही. साठ-सत्तर वादकांच्या हातांतून त्याचे संगीत उमटते. या आधाराची परतफेडही होते. 1964 मध्ये फिलहार्मोनियाच्या संस्थापकांनी वाद्यवृंद बंद करण्याचे ठरविले. वादकांनी ते मानले नाही. त्यांनी स्वतःच कारभार हाती घेऊन 'न्यू फिलहार्मोनिया' या नावाने काम सुरू केले, आणि ऐंशीच्या उंबरठ्यावरील क्लेम्परर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्या ऑक्टोबरमध्ये बीथोवनच्या नवव्या सिंफनीचे संचालन त्यांनीच केले. तो वाद्यवृंद आजही फिलहार्मोनिया या मूळ नावाने वाजतो आहे.

वाद्यवृंद जगविणे आजही सोपे नाही. 1808 मध्ये 'पास्टोरल'ला जितके वादक लागले, जवळजवळ तितकेच आजही लागतात. यंत्रे आली म्हणून ती संख्या कमी होत नाही. केवळ तिकिटांवर हा खर्च क्वचितच भागतो. आपल्याकडे मुंबईत राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएमध्ये, 2006 साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. त्यात परदेशी वादकांचा वाटा मोठा आहे; म्हणून तेथे मुलांना दिले जाणारे वादनाचे शिक्षण मला मैफलींइतकेच महत्त्वाचे वाटते. सभागृहातील एक भरलेली खुर्चीही या वाद्यवृंदांना आधारच देते.

घरी ऐकताना काही पथ्ये पाळावीत. वयोमानाने प्रथम उंच स्वर ऐकू येईनासे होतात. व्हायोलिनचे तीक्ष्ण स्वर बोथट वाटतात, चेलो व डबल बास मात्र बराच काळ साथ देतात. म्हणून आवाज वाढवीत नेऊ नये. उरलेल्या श्रवणशक्तीला त्याने इजा होते. श्रवणयंत्र बहुधा बोलणे ऐकण्यासाठी जुळविलेले असते. संगीतासाठी वेगळी जुळणी करता येईल का, हे श्रवणतज्ज्ञांना विचारावे. एका बैठकीत सिंफनीचा एकच भाग, दहा-पंधरा मिनिटे, पुरेसा आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला त्याच्या तरुणपणीचे परिचित संगीत लावावे, मग ते अभंग असोत वा नाट्यपदे, आणि चेहऱ्याकडे लक्ष ठेवावे. अस्वस्थता दिसताच थांबवावे. संगीत हे औषधाला पर्याय नाही. आणि शक्यतो संगीत लावून निघून जाऊ नये, शेजारी बसावे.

त्या गृहस्थांचा उजवा हात अद्याप पूर्वीसारखा झालेला नाही. पण गेल्या भेटीत त्यांच्या पत्नी तबकडी लावून बाजूच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि ते डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर ठेका धरीत होते. तो भाग संपल्यावर ते स्वतःच म्हणाले, "आता व्यायामाला बोलवा."